मागे सरायला जागा किती? : रुंद भिंगाचा इतिहास आणि आपला मुलूख

श्रोतेहो, इतिहासाच्या व्याख्यानात भिंगाचे काय काम, असे कोणी विचारील. भिंग ही दुकानात जाऊन, मोल करून घेण्याची वस्तू. तिचा इतिहास तो काय असणार? पण कोणतीही वस्तू मूळ कोणत्या अडचणीतून जन्मली हे ठाऊक नसले, म्हणजे आपण ती भलत्याच कामाला लावतो. ज्याला बाजारात वाइड अँगल म्हणतात त्या रुंद कोनाच्या भिंगाच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. ही चूक आम्ही स्वतः केलेली असल्यामुळे आरंभी तीच सांगतो.

काही वर्षांपूर्वी रस्ता रुंद करण्यासाठी एका मैदानाच्या कडेची मोहाची झाडे तोडायचे ठरले होते. अकरा झाडे होती, आणि एकेक दुमजली घराहून उंच. शेजारच्या वडीलधाऱ्या मंडळींनी अर्ज लिहिला आणि सोबत जोडायला फोटो आम्ही काढावा असे सांगितले. आम्ही नुकतेच एक अतिशय रुंद भिंग घेतले होते, आणि ते वापरण्याची हौस मोठी होती. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभे राहून आम्ही सगळी रांग, सगळे मैदान आणि वरचे सगळे आभाळ एका चौकटीत घेतले. चित्र आम्हांस फार आवडले. अर्ज घेणाऱ्या गृहस्थांनी मात्र ते हातात धरून विचारले, "ही झुडपे कुठली?" झाडे काही त्या फोटोमुळे गेली नाहीत, ती जायचीच होती. पण ती गेल्यावर मागे उरला तो आमचा एकच फोटो, आणि तो सांगतो की तिथे झुडपे होती.

गेल्या उन्हाळ्यात तिघांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला. एक निवृत्त अभियंते, एक शिक्षिका आणि एक कॉलेजातला मुलगा. देखाव्याचे फोटो काढायला रुंद भिंग कोणते घ्यावे, हा तो प्रश्न. तिघांच्याही मनात उत्तर तयारच होते : परवडेल तितके रुंद. आपला मुलूख रुंद, इरईचा जलाशय रुंद, ताडोब्याचे रान रुंद. तेव्हा भिंगही रुंद. हे तर्कशास्त्र वरवर बिनतोड दिसते. ते कोठे चुकते, हे इतिहासच उत्तम सांगतो.

प्रथम एका शब्दाचा उलगडा करू. फार दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगामागे ज्या अंतरावर स्पष्ट उमटते, त्या अंतराला केंद्रांतर म्हणतात. दुकानदार त्यालाच फोकल लेंग्थ म्हणतो. केंद्रांतर जितके कमी, तितकी प्रतिमा लहान, आणि म्हणून तेवढ्याच चौकटीत अधिक प्रदेश मावतो. आपल्या नेहमीच्या ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच चौकटीत ५० मिलिमीटरचे भिंग आडवा सुमारे ४० अंशांचा प्रदेश घेते, ३५ चे ५४, २८ चे ६५, २४ चे ७४, २० चे ८४ आणि १६ चे ९७ अंशांचा. रुंद भिंग अधिक प्रदेश घेते ते प्रत्येक वस्तू लहान करून घेते, ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. आमच्या मोहाचेच गणित मांडू. १२ मीटर उंचीचे झाड ६० मीटरांवर होते आणि भिंग १६ मिलिमीटरचे. प्रतिमा उमटली ३.२ मिलिमीटर उंचीची. चौकटीची उंची २४. म्हणजे झाडाच्या वाट्याला चौकटीचा सातवा हिस्साही आला नाही.

आता मूळ कथेकडे वळू. छायाचित्रणाची विद्या १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाली. त्या वेळी देखाव्यासाठी जे भिंग वापरीत ते अगदी साधे होते. विल्यम वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये एक बाजू आत व एक बाजू बाहेर वळलेले भिंग सुचविले होते. पॅरिसच्या शव्हालिए यांनी दोन प्रकारच्या काचा जोडून त्याची सुधारलेली आवृत्ती केली. पुढ्यात लहानसे छिद्र ठेवून हे भिंग सुमारे ५० अंशांचा प्रदेश बऱ्यापैकी स्पष्ट दाखवी. एक खोड मात्र होती : चौकटीच्या कडेजवळच्या सरळ रेषा ते बाहेरच्या बाजूस फुगवून दाखवी. झाडाची फांदी थोडी अधिक वाकली तर कोणाची तक्रार नसते, म्हणून देखाव्याला ते चाले. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या योझेफ पेट्झवाल यांनी माणसांच्या तसबिरींसाठी फार तेजस्वी भिंग रचले; पण त्याचा कोन त्याहूनही अरुंद. तात्पर्य असे की, देखाव्याचे छायाचित्रण जन्मले तेच मध्यम कोनाच्या भिंगातून, आणि देखावा टिपणाऱ्यांना त्यात विशेष काही कमी पडले नाही.

याचा मोठा दाखला आपल्याच देशातला आहे. सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ ते १८६६ या काळात हिमालयात तीन मोहिमा केल्या. दहा इंच बाय बारा इंचांच्या काचा, औषधांच्या बाटल्या, अंधाराचा तंबू, आणि हे सगळे वाहून नेणारे कित्येक हमाल. काचेवर ओला थर देऊन तो वाळण्याच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, असे ते तंत्र होते. हिमालयाचा अवाढव्य पसारा फोटोला सोयीचा नाही, अशा अर्थाची कुरकूर बोर्न यांनी लिहून ठेवली आहे. पण पसारा मोठा म्हणून सगळाच पसारा एका काचेत कोंबण्याच्या मागे ते लागले नाहीत. एक दरी, एक पूल, देवदारांची एक ओळ आणि तिच्या मागे एक शिखर, अशी निवड ते करीत. विशाल प्रदेशातून निवड करणे हेच देखाव्याचे पहिले शास्त्र होते.

मग रुंद कोनाची गरज पडली कोणाला? ती पडली देवळे, लेणी आणि गल्ल्या टिपणाऱ्यांना. आणि या कामात आपला महाराष्ट्र फार लवकर उतरला. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. धन्वंतरी आणि प्राचीन लेखांचे गाढे अभ्यासक डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. मुंबईचे आरंभीचे देशी व्यावसायिक छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गातले. १८५५ मध्येच कॅप्टन थॉमस बिग्ज यांची सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली व विजापूर, बदामी, ऐहोळे येथील इमारतींचे फोटो घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. तिकडे अजिंठ्याला मेजर रॉबर्ट गिल हे १८४४ पासून लेण्यांतील चित्रांच्या नकला रंगवीत होते. पुढे त्यांनीही कॅमेरा हाती घेतला. लेण्यांची त्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. आणि १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून गिल यांच्या तेथे टांगलेल्या रंगीत नकला जळाल्या. वीस वर्षांचे श्रम एका दिवसात गेले. काचेवरचे, कागदावर छापलेले काम मात्र अनेक प्रतींच्या रूपाने उरले. छायाचित्र म्हणजे साक्ष, हे इतक्या कठोरपणे सांगणारी दुसरी हकीकत आम्हांस माहीत नाही.

या मंडळींची अडचण श्रोत्यांच्या ध्यानी आलीच असेल. अजिंठ्याच्या विहारात उभे राहिले की पाठ भिंतीला लागते. देवळाच्या आवारात चार पावले मागे सरले की प्राकार आडवा येतो. हिमालयात बोर्न यांना निवड करता येत होती, हवे तेथे उभे राहता येत होते. येथे निवड नव्हती, कारण मागे सरायलाच जागा नव्हती. रुंद कोनाचे भिंग जन्मले ते या अडचणीतून. दृष्टी विशाल असावी म्हणून ते जन्मले नाही. जागा अपुरी पडली म्हणून जन्मले.

अडचण मोठी असली म्हणजे उपायही विलक्षण निघतात. थॉमस सटन या इंग्रजाने १८५९ मध्ये काचेच्या पोकळ गोळ्यात पाणी भरून सुमारे १२० अंश पाहणारे भिंग केले. पण प्रतिमा वक्र पडे, म्हणून त्याला वाकवलेल्या काचा लागत. न्यूयॉर्कच्या हॅरिसन व श्नित्झर यांनी १८६० च्या सुमारास ग्लोब नावाचे भिंग काढले. त्याच्या बाहेरच्या दोन्ही बाजू मिळून जणू एकच गोल होत, म्हणून हे नाव. त्यात भिंगाचे दोन सारखे भाग समोरासमोर ठेवून मध्ये छिद्र ठेवले होते. येथे एक सुंदर तत्त्व आहे. छिद्रापुढचा भाग रेषांना एका बाजूस वाकवतो, मागचा भाग तितकाच उलट बाजूस वाकवतो, आणि शेवटी रेषा सरळच्या सरळ राहते. हेच तत्त्व पुढे पक्के झाले. १८६६ मध्ये म्युनिकचे श्टाइनहाइल आणि लंडनचे डालमायर यांनी जवळजवळ एकाच वेळी अशी जुळी भिंगे बाजारात आणली, आणि त्याच सुमारास डालमायर यांनी त्याच धर्तीचे खास रुंद कोनाचे भिंगही काढले. आता देवळाचा खांब सरळ उभा राहू लागला.

नेमक्या याच काळात छायाचित्रणाचे वारे आपल्या बाजूला पोचले. त्या वेळी चंद्रपूर आणि १९८२ मध्ये वेगळा झालेला गडचिरोली मिळून एकच चांदा जिल्हा होता. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ ते १८७५ या वर्षांत मध्यप्रांतात दौरे केले. त्यांच्या अहवालमालेच्या नवव्या खंडात चांदा, भांदक आणि मार्कंडा यांची वर्णने आहेत. त्यांचे साहाय्यक जोसेफ बेग्लर यांचा १८७३-७४ चा मध्यप्रांतातील दौरा सातव्या खंडात आहे, आणि बेग्लर कॅमेरा घेऊन हिंडणारे गृहस्थ होते. चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला ज्यांनी दर्शन घेतले असेल, त्यांना तेथील अडचण सांगायला नको. देवळे एकमेकांना खेटून उभी आहेत. एकाचे शिखर चौकटीत घ्यावे तर दुसऱ्याची भिंत पाठीला लागते. आणि आवाराबाहेर चार पावलांवर वैनगंगेचे अफाट पात्र. एकाच क्षेत्री अगदी कोंडलेली जागा आणि अगदी मोकळी जागा! रुंद भिंग कोणत्या कामाचे आणि कोणत्या कामाचे नव्हे, हे शिकायला याहून चांगली शाळा आमच्या पाहण्यात नाही.

तेथे त्रैराशिकाचा एक सोपा हिशेब उपयोगी पडतो. समजा, इमारत ६० फूट रुंद आहे आणि मागे सरायला ४० फूटच जागा आहे. ६० ला ४०, तर चौकटीच्या ३६ मिलिमीटरांना किती? उत्तर २४. म्हणजे २४ मिलिमीटरच्या भिंगात ती इमारत कडेपासून कडेपर्यंत बसेल. जागा ३० फूटच असेल तर १८ चे भिंग लागेल. ८० फूट असेल तर ४८ चे, म्हणजे साधेच भिंग, पुरे. भिंग घ्यायला निघण्यापूर्वी आपल्या आवडत्या जागा पावलांनी मोजून याव्यात. दुकानदाराच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याहून ते अधिक सांगून जाते.

रुंदीची किंमतही मोजावी लागते, आणि ती तेव्हापासून आजतागायत तीच आहे. १९०० मध्ये जर्मनीच्या ग्योर्त्स कारखान्याचे एमिल फोन ह्योख यांनी हायपरगॉन नावाचे भिंग रचले. दोन पातळ, वाटीसारख्या काचा. आणि पाहण्याचा कोन सुमारे १३५ अंश. पण कडेला तिरपा येणारा उजेड फार मंद पडे. म्हणून त्या भिंगापुढे चांदणीच्या आकाराची एक लहान भिंगरी हवेच्या झोताने फिरवीत आणि मधला उजेड काही वेळ अडवून धरीत, तेव्हा कुठे चित्र सारखे उजळे. साध्या बांधणीच्या भिंगात मध्यापासून ४५ अंश बाजूला गेले की उजेड चौथा हिस्साच उरतो, असा निसर्गाचा नियम आहे. आजची भिंगे ही घट युक्तीने कमी करतात आणि उरलेली कॅमेऱ्यातील गणकयंत्र भरून काढते. पण अंधाऱ्या कोपऱ्याला ओढूनताणून उजळले की तेथे रवाळपणा येतो. दुसरी किंमत ताणाची. रेषा सरळ ठेवायच्या म्हटल्या की कडेच्या वस्तू बाहेर खेचल्या जातात. १६ मिलिमीटरच्या भिंगात अगदी कडेला उभ्या असलेल्या माणसाचे डोके उंचीच्या मानाने सुमारे दीडपट रुंद दिसते. घरच्या मंडळींना कडेला उभे करू नये, हा सल्ला त्यातून निघतो. तो न मानणाऱ्याला घरी ऐकून घ्यावे लागते.

विसाव्या शतकात कॅमेरा लहान झाला. १९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि चित्रपटाच्या फितीवरची ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट रूढ झाली; पाच वर्षांत त्याला ३५ मिलिमीटरचे रुंद भिंगही मिळाले. पुढे ज्या कॅमेऱ्यात आरशातून थेट भिंगामधले दृश्य दिसते, तो लोकप्रिय झाला, आणि नवा पेच पडला. आरसा वरखाली व्हायला भिंगामागे जागा हवी; पण कमी केंद्रांतराचे भिंग फितीच्या अगदी जवळ बसवावे लागते. फ्रान्सच्या आंजेन्यो कारखान्याने १९५० मध्ये हा पेच सोडविला : पुढे एक पसरविणारी मोठी काच बसवून भिंगाला मागे सारले. या भिंगाचे रेट्रोफोकस हे नाव पुढे साऱ्या जातीचेच नाव झाले. आज रुंद भिंगांची पुढची काच फुगीर व मोठी दिसते, ती याच वंशाची खूण. आरसा गेला, कॅमेरे पुन्हा बारीक झाले, आणि आता खिशातल्या दूरध्वनीलाही बहुधा २४ ते २८ मिलिमीटरच्या तोडीचे भिंग असते; पुष्कळांत त्याशेजारी १३ च्या आसपासचे अतिरुंद भिंगही असते. ज्या रुंदीसाठी पूर्वी पाण्याचे गोळे करावे लागले, ती आज बोटाच्या एका स्पर्शावर आली. म्हणूनच ती केव्हा नको, हे शिकणे आता अधिक अगत्याचे झाले आहे.

येथे एक फार रूढ समजूत दूर केली पाहिजे. रुंद भिंग अंतरे ताणते, दूरच्या गोष्टी अधिक दूर नेते, असे म्हणतात. भिंग असे काही करीत नाही. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्परांशी प्रमाण केवळ एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे आपण कोठे उभे आहोत. एकाच जागी उभे राहून रुंद भिंगाने व साध्या भिंगाने फोटो घ्या आणि रुंद फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करा, दोन्ही जुळतील. फरक पडतो तो माणसाच्या वागण्याने. रुंद भिंग हाती आले की आपण चौकट भरण्यासाठी जवळच्या वस्तूच्या आणखी जवळ जातो, आणि त्यामुळे जवळचे मोठे व दूरचे क्षुद्र होते. तेव्हा रुंद भिंगाचा खरा विषय क्षितिज नव्हे. खरा विषय आपल्या पायापुढची जमीन होय. पायापुढे काही नसेल, तर रुंद भिंग रिकामी जमीन आणि रिकामे आभाळ यांखेरीज काही देणार नाही. आम्ही मैदानाच्या पलीकडे उभे राहिलो हीच आमची चूक. तेच भिंग घेऊन पहिल्या मोहापासून पंधरा मीटरांवर गेलो असतो, तर तो मोह जवळजवळ १३ मिलिमीटर उंच, म्हणजे चौकटीच्या निम्म्याहून अधिक उमटला असता, आणि बाकीची रांग त्याच्या मागे ओळीने दिसली असती. झुडपे असे मग कोणी म्हटले नसते.

आता आपल्या मुलखाचा विचार करू. इरई जलाशयाच्या काठी उन्हाळ्यात पाणी मागे सरते आणि भेगाळलेला गाळ उघडा पडतो. येथे रुंद भिंग शोभते. २४ मिलिमीटरचे भिंग, छिद्र एफ ८ वर, नेम सुमारे अडीच मीटरांवर. म्हणजे सव्वा मीटरांपासून थेट क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट उमटते. पायाजवळची भेग, मध्ये पाणी आणि मागे पलीकडचा काठ, हे तिन्ही एका वाक्यात सांगता येतात. शिवाय आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या पुढे सहज जातो आणि हवा थरथरू लागते. लांब पल्ल्याच्या भिंगाने दूरचे काढावे तर ती थरथर आणि धूळ चित्रात मोठी होऊन उतरते. जवळच्या वस्तूवर भर देणाऱ्या रुंद भिंगाला तिची बाधा कमी.

ताडोब्यात मात्र उलटे. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या वनात आपण गाडीतून उतरू शकत नाही. पायापुढची जमीन म्हणजे गाडीचा टप आणि लाल मातीची चाकोरी. २० किंवा १६ चे भिंग येथे तेच दाखवील, आणि तलावापलीकडची टेकडी दोऱ्याएवढी करील. पाच किलोमीटरांवरची १०० मीटर उंचीची टेकडी ५० च्या भिंगात १ मिलिमीटर उमटते, २० च्यात अर्ध्याहूनही कमी. म्हणून तेथे ३५ किंवा फार तर २८. सागवानाच्या बनात आणखी एक पथ्य : कॅमेरा सपाट धरावा. वर कलला की सारी खोडे आत झुकतात, आणि रुंद भिंगात हे झुकणे फार डोळ्यांत भरते. ध्रुवण करणारी काळी काच, जिला पोलरायझर म्हणतात, तीही २४ पेक्षा रुंद भिंगावर लावू नये. निळ्या आभाळात मध्येच गडद पट्टा उमटतो. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाच्या आतील गल्ल्यांत आणि जटपुरा, पठाणपुरा, बिनबा या वेशींजवळ पुन्हा अजिंठ्याचीच अडचण. तेथे २४ किंवा २० हवेच. तेव्हा एकच भिंग घ्यायचे असेल, तर आमचे मत २४ किंवा २८ असे आहे. १६ चे भिंग ज्याला हे सारे येते त्याने घ्यावे. आणि फुगीर काचेपेक्षा पुढे गाळणी बसविता येणारे भिंग पसंत करावे. कोळशाच्या या गावात काच रोज पुसावी लागते, आणि पुसून ओरखडे पडायचे ते गाळणीवर पडलेले बरे.

पण श्रोतेहो, भिंगाची निवड केवळ सौंदर्याची बाब आहे असे आम्ही मानत नाही. या वसाहतीने स्वतःच्या डोळ्यांनी भूगोल बदलताना पाहिला आहे. वीजकेंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. जुने दोन संच निवृत्त होऊनही आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. शेजारी दुर्गापूरची उघडी खाण आणि खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे, ज्यांच्यावर आता झुडपेही रुजली आहेत. या विजेवर आपली घरे चालतात, आणि याच जमिनीवर रान होते; दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. उद्याचा माणूस विचारील, येथे काय होते, किती होते? त्याला उत्तर देणारे आपलेच फोटो असतील. आणि येथे भिंग खोटे न बोलताही फसवू शकते. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी रुंद भिंग लावले तर तो डोंगर होतो. जलाशयापलीकडून लावले तर धुराडी काड्यापेटीतल्या काड्या होतात. दोन्ही फोटो खरे. फोटो कोठून काढला हे लिहून ठेवले नाही, तर दोन्ही निरुपयोगी.

यावर उपाय जुना आहे. म्युनिकचे गणितज्ञ सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस आल्प्समधील हिमनद्यांचे फोटो ठरावीक जागांवरून घेण्यास आरंभ केला, पुन्हा तेथूनच घेता यावेत म्हणून. १९७७ पासून अमेरिकेत मार्क क्लेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षकांच्या जागा शोधून काढल्या आणि तेच देखावे पुन्हा टिपले. त्यांना खरा शोध घ्यावा लागला तो जुना छायाचित्रकार नेमका कोठे उभा होता याचा. कारण, वर सांगितल्याप्रमाणे, प्रमाण ठरते ते जागेने. जागा सापडली की भिंगाचा फरक चौकट कापून भरून काढता येतो. जागा हरवली तर कोणतेही भिंग ती परत आणीत नाही.

म्हणून त्या तिघांना आम्ही जे सांगितले तेच येथे सांगतो. भिंग घ्या, हौसेने घ्या; पण त्याबरोबर एक वही घ्या. इरईचा काठ, परकोटाची एक वेस, खाणीकडे पाहणारा एखादा चढ आणि आपल्या दारासमोरचे एक झाड, अशा चार जागा निवडा. प्रत्येक जागी एक न हलणारा दगड ठरवा. वर्षातून एकदा, एकाच तिथीला, त्याच दगडावर उभे राहून दोन फोटो घ्या : एक रुंद भिंगाने, म्हणजे आजूबाजूला काय होते ते कळेल, आणि एक साध्या भिंगाने, म्हणजे ते केवढे होते ते कळेल. वहीत जागा, दिशा, तारीख आणि केंद्रांतर लिहा. झाडाशेजारी एक माणूस उभा करा, चौकटीच्या मध्याजवळ.

त्या अकरा मोहांपाशी आम्ही एवढे केले असते, तर आज तुम्हांला त्यांची उंची सांगताना आमच्या शब्दावर विश्वास ठेवा असे म्हणावे लागले नसते.